अन्नातले जीवाणू : चव, वेळ, तापमान आणि नवं तंत्रज्ञान



पाचवीच्या परिसर अभ्यासात अन्न टिकवण्याच्या पद्धती शिकवताना आपण वाळवणं, उकळणं, थंड ठेवणं, मीठ-साखर-तेल वापरणं हे सगळं सांगतो. मुलं पापड-कुरडया, लोणचं, मोरावळा अशी उदाहरणं भराभर देतात. पण एक प्रश्न हमखास येतो : "अन्नाला वास येत नसेल तर ते खायला चांगलं ना?" या प्रश्नाचं उत्तर पाठात नीट मिळत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या मनातही ते पक्कं नसतं. म्हणून हा लेख.

शाळेत पोषण आहार वाटण्याआधी आपण चव घेतो आणि नोंदवहीत 'चव चांगली' असं लिहून सही करतो. हे करायलाच हवं. अन्न कच्चं आहे, करपलंय, मीठ जास्त झालंय, रॉकेलचा किंवा औषधाचा वास येतोय, आंबलंय, हे चवीतून कळतं. पण आजार देणारे जीवाणू चवीतून कळत नाहीत. ते का, आणि मग काय पाहायचं, हे आधी बघू. नंतर जगात या जीवाणूंना निष्प्रभ करण्यासाठी कोणती नवी तंत्रं आली आहेत, त्यांची ओळख करून घेऊ.

नासलेलं अन्न आणि घातक अन्न

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूध फाटतं, भाजीला तार सुटते, भाकरीवर बुरशी येते. हे काम अन्न नासवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं. ते वास, रंग, चव बदलून आपल्याला एक प्रकारे सावध करतात.

आजार देणारे जीवाणू मात्र अनेकदा असा काही बदल करत नाहीत. ई. कोलाय ओ१५७ या जीवाणूच्या शंभराहून कमी पेशी पोटात गेल्या तरी माणूस आजारी पडू शकतो. एवढ्याशा पेशींनी पातेलंभर आमटीची चव काय बदलणार? शिवाय त्रास लगेच होत नाही. कधी दोन तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, तर कधी तीन-चार दिवसांनी होतो. म्हणजे चव घेणारा माणूस ठणठणीत आहे म्हणून अन्न सुरक्षित आहे, असं म्हणता येत नाही.

हा प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार लोक मरतात. त्यातली सव्वा लाख ही पाच वर्षांखालची मुलं असतात.

जीवाणूंची ओळखपरेड

नावं अवघड आहेत, मुलांकडून ती पाठ करून घेऊ नका. प्रत्येकाचा स्वभाव मात्र समजून घ्या.

१) साल्मोनेला : कच्ची किंवा अर्धवट शिजलेली अंडी, कोंबडी, कच्चं दूध. ताप, जुलाब, पोटदुखी. नीट शिजवलं की मरतो. कच्चं चिकन कापलेली सुरी न धुता कोशिंबिरीला वापरली, तर मात्र तो तिथून थेट ताटात येतो.

२) ई. कोलाय ओ१५७ : गुराढोरांच्या आतड्यात राहतो. शेणाचा संपर्क झालेलं पाणी, भाज्या, फळं, नीट न शिजलेलं मांस यांतून येतो. रक्ताचे जुलाब होतात आणि लहान मुलांच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो.

३) स्टॅफिलोकोकस ऑरियस : हा आपल्याच नाकात, त्वचेवर, पिकलेल्या जखमेत असतो. हातांतून खवा, पेढे, श्रीखंड, मळलेली कणीक यांत उतरतो आणि उबेत वाढून विष तयार करतो. साधारण एक ते सहा तासांत जोरदार उलट्या होतात. महत्त्वाचं म्हणजे हे विष उकळूनही जात नाही.

४) बॅसिलस सीरियस : हा भाताचा सोबती. तांदळात त्याचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे जीवाणूने संकटकाळासाठी घातलेलं चिलखतच. भात शिजताना जीवाणू मरतात, पण बीजाणू तग धरतात. भात तासन् तास बाहेर राहिला की ते उघडतात, वाढतात आणि विष सोडतात. हे विषही फोडणीच्या उष्णतेला दाद देत नाही. फोडणीचा भात आपल्या सगळ्यांच्या आवडीचा, तो बंद करायचं कारण नाही. मात्र रात्रभर ओट्यावर राहिलेला भात आणि रात्री लवकर थंड करून फ्रीजमध्ये ठेवलेला भात यांत मोठा फरक आहे.

५) क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स : मोठ्या पातेल्यातली डाळ, रस्सा, मटण हे त्याचं घर. लग्न-जत्रांच्या जेवणावळीत, वसतिगृहात हा त्रास देतो. मोठं पातेलं मधोमध फार हळू निवतं. त्या कोमट भागात हवाही कमी असते आणि त्याला तेच हवं असतं. अनुकूल तापमानात तो दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होतो.

६) लिस्टेरिया : हा फ्रीजमध्येही हळूहळू वाढतो. गरोदर महिला, नवजात बाळं आणि वृद्ध यांना फार धोकादायक. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये एका तयार मांसपदार्थातून याची मोठी साथ आली. हजाराहून जास्त रुग्ण आणि दोनशेहून जास्त मृत्यू झाले.

वेळ गुणाकार करते

हा भाग गणिताच्या तासाला घ्या. फळ्यावर एक जीवाणू काढा. तो दर २० मिनिटांनी दुप्पट होतो असं धरा आणि मुलांना पुढचे आकडे काढायला लावा.

१ तासाने : ८
२ तासांनी : ६४
३ तासांनी : ५१२
४ तासांनी : ४,०९६
५ तासांनी : ३२,७६८
६ तासांनी : २,६२,१४४
७ तासांनी : २०,९७,१५२

प्रत्यक्षात वाढ इतकी काटेकोर नसते. सुरुवातीला जीवाणू थोडा वेळ थबकतात, पुढे अन्न आणि जागा कमी पडते. पण मुद्दा मुलांच्या लगेच लक्षात येतो : दुसऱ्या तासाला क्षुल्लक वाटणारी संख्या सातव्या तासाला भयंकर होते.

ही वाढ साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान होते. यालाच धोक्याचा पट्टा म्हणतात. आपल्याकडचं खोलीचं तापमान बाराही महिने याच पट्ट्यात येतं. म्हणून शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

उष्णता : जुनी, खात्रीची, पण मर्यादा असलेली

लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिलं की द्राक्षमद्य उकळू न देता ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ तापवलं तर ते बिघडत नाही. पुढे हीच पद्धत दुधासाठी आली. आज दूध ७२ अंशाला १५ सेकंद किंवा ६३ अंशाला ३० मिनिटं तापवून लगेच थंड करतात. यात तापमान आणि वेळ हे दोन्ही आकडे एकत्र येतात, नुसतं 'गरम केलं' म्हणून चालत नाही.

उष्णतेने जीवाणूची प्रथिनं बिघडतात. अंड्यातला पातळ पांढरा भाग उकडल्यावर घट्ट होतो, तसंच. एकदा घट्ट झालेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही. मुलांना हे उदाहरण पटकन समजतं.

मग अडचण कुठे येते? तीन ठिकाणी.

पहिली, बीजाणू. साध्या उकळण्याने ते मरत नाहीत. म्हणून कारखान्यात डबाबंद अन्नाला दाबाखाली १२१ अंशापर्यंत तापवावं लागतं.

दुसरी, तयार झालेली विषं. जीवाणू मेला तरी काही विषं तशीच राहतात. म्हणून "पुन्हा एकदा खळखळून उकळलं की झालं" हे नेहमीच खरं नसतं.

तिसरी, जे आपण शिजवत नाही असं अन्न : फळांचे रस, कोशिंबीर, मोड आलेली कडधान्यं. उष्णता दिली तर त्यांची चव, रंग आणि काही जीवनसत्त्वं जातात. न दिली तर धोका राहतो.

ही तिसरी अडचण १९९६ मध्ये जगाला फार महागात पडली. जपानमधल्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ई. कोलाय ओ१५७ पसरला आणि हजारो मुलं आजारी पडली. काही दगावलीही. मुळ्याच्या कोवळ्या मोडांवर संशय घेण्यात आला. मोड येण्यासाठी ऊब आणि ओल लागते, आणि जीवाणूंनाही नेमकं तेच लागतं. त्याच वर्षी अमेरिकेत पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंदाच्या रसातून याच जीवाणूची साथ आली आणि एक लहान मूल गेलं. त्यानंतर २००१ मध्ये अमेरिकेने नियम केला : रस बनवणाऱ्यांनी घातक जीवाणूंची संख्या लाखपटीने कमी केलीच पाहिजे, पद्धत कोणतीही असो. 'पद्धत कोणतीही असो' यामुळे उष्णतेशिवायच्या पद्धतींना मोठी चालना मिळाली.

नवी तंत्रं

१) अतिउच्च दाब. पदार्थ लवचीक बाटलीत किंवा पिशवीत बंद करून पाण्याने भरलेल्या पोलादी टाकीत ठेवतात आणि काही मिनिटं ४०० ते ६०० मेगापास्कल दाब देतात. ६०० मेगापास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ सहा हजार पट. समुद्राच्या सर्वांत खोल तळावरच्या दाबाच्याही पाचपटीहून जास्त! एवढ्या दाबाने जीवाणूच्या पेशीचं आवरण आणि प्रथिनं बिघडतात. चव आणि जीवनसत्त्वं मात्र बरीचशी शाबूत राहतात.

मग पदार्थ चिरडत कसा नाही? कारण दाब सगळीकडून सारखा असतो. वर्गात दाखवा : प्लास्टिकच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरा, आत एक द्राक्ष टाका, बूच घट्ट लावा आणि बाटली जोरात दाबा. द्राक्ष फुटत नाही. तेच द्राक्ष दोन बोटांत दाबा, लगेच फुटतं.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बर्ट हाइट यांनी १८९९ मध्येच दुधावर असे प्रयोग केले होते. पण पुरेशी मजबूत यंत्रं नव्हती. बाजारात असे पदार्थ १९९० मध्ये जपानमध्ये आले, पहिले जॅम. मर्यादा : या दाबानेही बीजाणू मरत नाहीत, म्हणून असे रस फ्रीजमध्येच ठेवावे लागतात. पालकांसाठी एक सूचना : बाटलीवर नुसतं 'कोल्ड प्रेस्ड' लिहिलं असेल तर ती रस काढण्याची पद्धत आहे. त्यावरून जीवाणू मारले आहेत की नाहीत हे कळत नाही.

२) विजेचे स्पंद. रस दोन विद्युतअग्रांमधून वाहतो आणि त्याला सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याहूनही कमी वेळाचे, पण फार जोरदार विजेचे झटके देतात. पेशीच्या आवरणाला भोकं पडतात आणि आतला द्रव बाहेर येतो. पिशवीला टाचणीने भोकं पाडावीत तसं. रस फारसा तापत नाही. पातळ पदार्थांना उत्तम, बीजाणूंवर मात्र निष्प्रभ.

३) किरणोपचार. हे तंत्र तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. नवी मुंबईत वाशीला २००० सालापासून मसाल्यांवर गॅमा किरणांची प्रक्रिया करणारं केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' केंद्र २००२ पासून आहे. इथे एक फरक लक्षात घ्या. कांद्याला मोड येऊ नयेत किंवा निर्यातीच्या आंब्यातली कीड संपावी यासाठी कमी मात्रा पुरते. मसाल्यातले जीवाणू मारायला बरीच जास्त मात्रा लागते.

कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण जीवाणूचा डीएनए तोडतात. "मग मसाला किरणोत्सारी होतो का?" असं पालक विचारतात. नाही. मेट्रो स्टेशनवर आपली बॅग क्ष-किरणांच्या यंत्रातून जाते, ती बाहेर आल्यावर किरण सोडत बसत नाही. १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने १० किलोग्रेपर्यंतची मात्रा सुरक्षित ठरवली. अशा अन्नाच्या वेष्टनावर वर्तुळातल्या पानांसारखं हिरवं चिन्ह आणि तशी नोंद छापावी लागते. मुलांना ते शोधायला सांगा.

४) अतिनील किरण. घरच्या पाण्याच्या यंत्रात जो निळसर दिवा असतो तोच हा प्रकार. हे किरणही डीएनए बिघडवतात, पण आत शिरत नाहीत. गढूळ पाण्यात किंवा भाजीच्या घडीत, जिथे सावली पडते, तिथे जीवाणू वाचतात.

५) थंड प्लाझ्मा. वायूला वीज दिली की तो चमकतो. ट्यूबलाईटच्या आत हेच होतं. असा वायू खोलीच्या तापमानाला वापरून बियाणं, सुकामेवा, फळं यांच्या पृष्ठभागावरचे जीवाणू मारण्यावर संशोधन सुरू आहे. अजून ते मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे.

६) जीवाणूंना खाणारे विषाणू. काही विषाणू फक्त ठरावीक जीवाणूंवरच हल्ला करतात, माणसाच्या पेशींना हात लावत नाहीत. लिस्टेरियाविरुद्ध असे विषाणू तयार मांसपदार्थांवर फवारायला अमेरिकेने २००६ मध्ये परवानगी दिली. अडचण अशी की एका कुलपाला एकच किल्ली. लिस्टेरियावरचा विषाणू साल्मोनेलाला काही करत नाही.

तंत्रज्ञान भागाकार करतं

आता लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. 'लाखपटीने कमी' याचा अर्थ शून्य नाही. लाखाने भागणं.

रसात सुरुवातीला १,००० जीवाणू असतील तर लाखाने भागून ०.०१ उरतात, म्हणजे अशा शंभर बाटल्यांत मिळून एखादाच. पण फळं घाणेरडी होती आणि सुरुवातीलाच १० कोटी जीवाणू होते तर? लाखाने भागूनही १,००० उरले. ती बाटली चार तास उन्हात राहिली तर वरच्या तक्त्याप्रमाणे १,००० × ४,०९६ म्हणजे ४० लाख ९६ हजार!

थोडक्यात, तंत्रज्ञान भागाकार करतं आणि वेळ गुणाकार करते. चूल असो, पाश्चरीकरण असो की सहा हजार पट दाब, सगळे भागाकार करणारेच. सुरुवातीची संख्या कमी ठेवते ती स्वच्छता. नंतरचा गुणाकार रोखतं ते तापमान आणि वेळेचं भान. आणि आधीच तयार झालेल्या विषाला भागाकार लागूच पडत नाही. म्हणून कितीही नवं यंत्र आलं तरी हात धुणाऱ्या मदतनीस ताईंचं महत्त्व कमी होत नाही.

शाळेत आणि घरी

- चव नोंदवहीत आपल्या सोयीसाठी दोन वेळा लिहा : अन्न शिजून उतरवल्याची आणि वाटप सुरू झाल्याची. चवीच्या शेऱ्यापेक्षा या दोन आकड्यांतलं अंतर जास्त सांगून जातं. ते जितकं कमी तितकं बरं. वाटेपर्यंत अन्न झाकून, वाफाळतं गरम ठेवा.
- हाताला पिकलेली जखम असेल किंवा जुलाब-उलट्या होत असतील, तर त्या दिवशी स्वयंपाकाचं काम दुसऱ्याने करावं. हे सांगताना ताईंचा रोज बुडणार नाही, हेही बघा. नाहीतर कोणी खरं सांगणार नाही.
- शाळेतली मोड आलेली मटकी-मूग नीट शिजवूनच द्या.
- अंडी पूर्ण उकडा, पिवळा बलक घट्ट झाला पाहिजे.
- कच्चं मांस, मासे यांची सुरी-पाट वेगळे ठेवा किंवा साबणाने धुऊन मगच वापरा.
- उरलेली डाळ, रस्सा मोठ्या पातेल्यात तसाच ठेवू नका. पसरट भांड्यांत काढून लवकर थंड करा, मग फ्रीजमध्ये. पुन्हा गरम करताना मधोमधही वाफ आली पाहिजे.
- डब्यात रात्रीचा बाहेर राहिलेला भात देऊ नका. सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडणार असेल, तर चपाती-सुकी भाजी, दशमी असे कमी ओलसर पदार्थ बरे.
- एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका. त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात.
- मूल आजारी पडलं तर जलसंजीवनी द्या. जुलाबात रक्त, सतत उलट्या, लघवी कमी होणं किंवा सुस्ती दिसली तर लगेच दवाखाना गाठा. जुलाब थांबवायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका.

वर्गासाठी प्रश्न

१) खिचडी साडेदहाला शिजली आणि दीडला वाटली. मधल्या वेळात ती गरम राहिली नाही, तर एका जीवाणूचे किती होतील?
२) अन्नाला वास येत नाही, तरी ते घातक असू शकतं. का?
३) उकळूनही जात नाही असं काय काय असतं?
४) बाटलीतलं द्राक्ष का फुटलं नाही?
५) घरच्या मसाल्याच्या, रसाच्या, दुधाच्या पाकिटांवरची माहिती वाचून तक्ता करा : प्रक्रिया, साठवण्याचं तापमान, शेवटची तारीख.

७ जून हा जागतिक अन्नसुरक्षा दिन. तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी असते. पण शाळा उघडल्यावर लगेच पावसाळा असतो, माश्या आणि गढूळ पाणी सोबत घेऊन. त्यामुळे जूनअखेरच्या एखाद्या शनिवारी हा पाठ घेता येईल. जमलं तर स्वयंपाकघरातल्या ताईंनाही वर्गात बोलवा. मोठ्या पातेल्यातली डाळ निवायला किती वेळ लागतो, हे आपल्यापेक्षा त्याच चांगलं सांगतील.